दहापैकी दहा

डोळ्यांच्या दवाखान्यातलं काम आटोपून घरी जाताना तिने वाटेत थांबून एक जाड, काळा मार्कर घेतला. बाबांचा आधीचा सुकला होता आणि वहीची अजून निम्मी पानं कोरी होती. दुकानदाराने विचारलं, "शाळेसाठी का?" ती म्हणाली, "नाही, वडिलांसाठी. ते भास लिहून ठेवतात." दुकानदाराने सुटे पैसे जरा घाईनेच परत केले.

वही खरोखरच भासांची होती. बाबांनी चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'पुरावा सर'. कुणी म्हणालं, सर, पोटात दुखतंय, की सर विचारणार, पुरावा काय? मुलीने लग्नाचं सांगितलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं, मुलगा चांगला आहे याला पुरावा काय? पोरगाही वस्ताद. पहिल्याच भेटीत त्याने आपल्या साहेबाकडून चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणलं आणि टेबलावर ठेवलं. त्या दिवसापासून सासऱ्या-जावयाचं जे गूळपीठ जमलं, ते शेवटपर्यंत.

शेवट लवकर आला. दहा महिन्यांपूर्वी तिचा नवरा कामावर जिना चढताना एका पायरीवर बसला आणि उठलाच नाही. फोन आला तेव्हा ती एका बाईंचे डोळे तपासत होती. तिने ऐकून घेतलं, बाईंची तपासणी पुरी केली, चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि मग निघाली. नंबर बरोबर होता, एवढं तिला पुढे कळलं. बाकी त्या दिवसातलं तिला फारसं काही आठवत नाही.

डोळ्यांतून टिपूस म्हणून आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. लोक आधी म्हणाले, मोठी धीराची. मग म्हणाले, दगड आहे. ती बाबांच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आली, रोज कामावर जाऊ लागली, वेळेवर जेवू लागली. गरम कपाने बोट भाजलं तरी तिला दुसऱ्या दिवशी फोड बघून कळायचं. बाबा शेजाऱ्यांना म्हणत, "मला दिसत नाही ते एक वेळ परवडलं. पण हिला काही वाटत नाही, ते नाही परवडत."

बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधलाच भाग झिजत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, मधोमध मात्र धुकट डाग. म्हणजे समोरच्या माणसाचे बूट दिसायचे, कान दिसायचे, तोंड तेवढं नाही. हे दुखणं तिच्या रोजच्या कामातलं होतं. म्हणून एका सकाळी बाबांनी तिचा हात धरून, दबक्या आवाजात, "पोरी, कपाटावरून टोप्या घातलेली चिमुकली माणसं चालत जातायत… मला वेड लागतंय का गं?" असं विचारलं, तेव्हा ती घाबरली नाही.

"वेड नाही, बाबा. मेंदूला कोरी जागा खपत नाही. डोळ्याकडून चित्र आलं नाही की तो आपल्या पदरचं भरतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना दिसतं, पण लाजेपोटी कुणी सांगत नाही."

मग तिने त्यांना खुणा सांगितल्या. ही माणसं मुकी असतात. ती तुम्हाला ओळखत नाहीत, तुमच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. आणि डोळे भराभर डावीकडे-उजवीकडे फिरवले की बहुतेक वेळा निघून जातात.

बाबांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही मागवली. तारीख, वेळ, काय दिसलं, किती मिनिटं, डोळे फिरवल्यावर गेलं की नाही. कडेकडेच्या नजरेने पाहत, मार्करने बोटभर उंचीची अक्षरं काढत. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आयुष्यभर फैलावर घेतलं होतं, आता भुतंच घरी चालून आली होती आणि एकेकाची हजेरी लागत होती. कित्येक महिन्यांत ते इतके खूश नव्हते.

तिने नवा मार्कर हातात दिला त्या संध्याकाळी मात्र त्यांनी तो उघडला नाही.

"तुझ्यामागून कुणीतरी येतं," ते म्हणाले.

"आत्ता?"

"रोजच. तू आलीस की येतं. तू बाहेर गेलीस की नसतं."

"डोळे फिरवून पाहिलेत?"

"पाहिले… बाकीचे जातात."

ती आपल्या मागे वळली नाही. वळावंसं वाटलंच नाही. तिने पिशवी ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, पुरावा काय? मग घेऊ या."

रविवारी दुपारी, भरउजेडात, त्यांनी प्रयोग केला. लहान मुलांची नजर तपासायला दवाखान्यात अंकांचे पत्ते असतात, एक ते नऊ. त्यांचे दोन संच तिने आणले. बाबा खुर्चीवर. ती समोर, दाराकडे पाठ करून उभी. पत्ते पाठीमागे धरायचे, न बघताच पिसायचे, त्यातला एक काढून तसाच मागे दाखवायचा, मग पालथा घालून ठेवायचा. तिलाही अंक ठाऊक असता कामा नये, नाहीतर श्वासावरूनसुद्धा उत्तर फुटतं, हे बाबांनीच बजावलं. मागे जे कुणी असेल त्याने बघावं आणि बोटं दाखवावीत.

"चार," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने, "नऊ." मग, "दोन."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. शेवटचे पत्ते बाबांनी फार भराभर सांगितले. दहा झाले तेव्हा तिने टेबलावर पत्ते ओळीने उलटले.

दहाही बरोबर होते.

मग बाबा मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "दहापैकी दहा म्हणजे प्रयोगातच खोट आहे. निसर्ग एवढा हुशार विद्यार्थी नाही."

"मग पुन्हा करू."

"नको."

जन्मात पहिल्यांदाच पुरावा सरांनी पुरावा नको म्हटलं होतं. वहीत त्यांनी त्या दिवसाचं पान कोरं ठेवलं. ती टेबलाशी उभी राहिली, एक पत्ता उचलला, ठेवला.

"बाबा… तो आहे का?"

बाबांनी मान फिरवली. कडेच्या नजरेने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे. पुन्हा तिच्याकडे.

"हो," ते म्हणाले. "जावईच आहेत."

"काय घातलंय?"

"तो निळा शर्ट. बाह्या दुमडलेल्या. बरे दिसतायत."

ती आत गेली, नळ सोडला आणि भांडी घासता घासता रडली. सुरुवातीला तिला कळेना की हे कसले आवाज येतायत. दहा महिन्यांचं साचलेलं, ते काही शहाण्यासारखं थोडंच बाहेर पडणार! बाहेर बाबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते आणि स्वतःचे डोळे पुसत होते.

त्यानंतर ती बदलली. घरात शिरल्यावर दार लगेच लावायची नाही, मागून येणाऱ्याला यायला क्षणभर जागा ठेवायची. जेवताना तिसरी खुर्ची ओढून घ्यायची. दिवसभरातल्या गोष्टी त्या खुर्चीला सांगायची. निजताना पांघरुणाची एक बाजू उचलून धरायची आणि हळूच म्हणायची, "ये ना. अजून जवळ ये." रडू त्या एकाच दिवशी आलं, पुन्हा आलं नाही. बधिरपणा परतला, उलट वाढलाच. आता हाताची बोटंच नाही, ओठही बधिर वाटायचे. पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तो आहे ना जवळ, मग झालं.

दीड महिन्याने दवाखान्यात एक आजी आल्या. चाळीस वर्षं कपडे शिवले होते, आता डोळ्यांना बाबांसारखंच झालं होतं. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, कधी नसलेलं काही दिसतं का? घाबरू नका, त्याला कारण आहे.

"मला ठाऊक आहे गं, मागच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं," आजी हसल्या. "फुलं दिसतात मला. मजा वाटते. पण तुझ्या पाठीला चिकटून उभं आहे ते फुलांतलं नाही."

तिच्या हातातलं पेन थांबलं. "उंच आहेत का? निळा शर्ट?"

"कपडे कुठले? आणि उंच नाही. अगदी तुझ्या उंचीचं. तुझ्यावरून बेतल्यासारखं." आजींनी सवयीने हवेत दोन बोटांनी माप घेतलं. "खांदेच नाहीत. मानेपासून सरळ खाली. मी आयुष्यभर मापं घेतली, पण अशा अंगाला कापड बेतताच यायचं नाही."

"चेहरा…?"

"अजून झालेला नाही. तोंड आहे फक्त." आजी थोड्या पुढे वाकल्या. आता त्या हसत नव्हत्या. "तू बोलतेस तसं हलतंय ते तोंड. नाही… थांब. ते आधी हलतं. तू नंतर बोलतेस."

तिला भीती वाटायला हवी होती. तिने वाट पाहिली, पण वाटली नाही. तिने आजींच्या कागदावर नंबर लिहिला, थेंब कसे घालायचे ते समजावलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी आली तेव्हा ऊन खिडकीत होतं. या वेळी तिने दार चटकन लावून घेतलं. बाबांसमोर बसली आणि आजी काय म्हणाल्या ते एका दमात सांगितलं.

"तुम्ही निळा शर्ट म्हणालात," ती म्हणाली.

"खोटं बोललो."

"तुम्ही?"

"तू रडावंस म्हणून. एकदा तरी." त्यांनी गुडघे घट्ट धरले. "दहा महिने तुझ्याकडे बघत होतो, पोरी. वाटलं, एका खोट्याने माझी मुलगी परत मिळत असेल तर खड्ड्यात गेलं शास्त्र. मला काय माहीत, तू त्याला जवळ बोलावशील!"

"मग ते काय आहे?"

"माहीत नाही. त्या दिवशी अजून एक सांगितलं नाही तुला. शेवटचे तीन पत्ते… तू काढायच्या आधीच बोटं वर झाली होती."

ती खुर्ची ओढून बाबांच्या अगदी समोर सरकली. मग तिने रुग्णांना समजावायचा आवाज लावला. "बाबा, ऐका. तुमच्या नजरेच्या मधोमध डाग आहे. मी समोर बसले की माझं तोंड नेमकं त्या डागात येतं. मेंदू तिथे काहीतरी भरतो. आजींचंही तेच दुखणं, तोच डाग. एवढंच आहे. पत्त्यांचं… योगायोग असेल."

"बरोबर," बाबा म्हणाले. "वर्गात मीही हेच सांगितलं असतं."

"आत्ता कुठे आहे?"

बाबांनी डोळे डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले, पुन्हा डावीकडे. तिनेच शिकवलं होतं तसं. मग मान तिरकी करून कडेच्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. त्या कडेला डाग नव्हता. त्या कडेने त्यांना तिचे कान दिसायचे, केस दिसायचे.

"मागे नाही," ते अगदी हळू म्हणाले. "तुझ्या मागे आता कुणी नाही. खुर्चीत एकच जण बसलंय… आणि पोरी, त्याला खांदे नाहीत."

तिने आपला हात उचलून खांद्यावर ठेवला. कापड लागलं की नाही, ते तिला नक्की कळलं नाही. घड्याळ चालू होतं, बाबांचा श्वास ऐकू येत होता. ती काहीच बोलली नाही. बोलण्यासारखं काही सुचतच नव्हतं.

एकाएकी बाबा खुर्चीसकट मागे सरकले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हात पुढे धरून ते म्हणाले, "नको… नको गं, पोरी. मला असं नको म्हणूस. मी तुझा बाप आहे."

तिने तोंड उघडलंच नव्हतं.

ती तशीच बसून राहिली, दोन्ही तळहात ओठांवर घट्ट दाबून. बाबा मुसमुसून रडत होते, त्यांना जवळ घ्यावं असं तिला कळत होतं, पण हात काढायची हिंमत नव्हती. ती आता जे बोलणार होती ते बाबांनी ऐकलं होतं. तिला ते अजून सुचायचं होतं. आणि तळहातांखाली, हळूहळू, तिचे ओठ हलू लागले होते.