टेकडीवरची खोटी विहीर

"परत लाव ना, ते विहिरीचं वाक्य," आन्या म्हणाली.

तिचा मित्र देवांग याने फोनवरचं रेकॉर्डिंग मागे नेलं. ऊनाआजींचा कापरा आवाज पुन्हा आला, "त्या जागेचं नाव लग-अन-टबिर. आयरिश भाषेत विहिरीचा खळगा. आई मला तिथे न्यायची. विहीर उजव्या हाताला ठेवून आम्ही तिच्याभोवती फिरायचो आणि दर फेरीला नदीतला एक पांढरा गोटा तिथे ठेवायचो."

"खळगा म्हणतायत त्या," आन्या म्हणाली, "आणि आपल्या कॉलनीतली विहीर तर टेकडीवर आहे!"

"त्यात पाणी पण नाहीये," तिचा धाकटा भाऊ अनय म्हणाला. "आय चेक्ड. फक्त ज्यूसचा एक कॅन आहे."

ओहायोतल्या डब्लिन गावात उन्हाळ्याची सुट्टी लागली, की लायब्ररी मुलांना काही ना काही उद्योग देते. यंदाचा उद्योग होता गावातल्या शेतांची, टेकाडांची, ओढ्यांची जुनी नावं गोळा करायचा. आयर्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे इंच न् इंच जमिनीला नाव ठेवलं होतं म्हणे. ती शेतं जाऊन कॉलन्या आल्या आणि नावं हवेत विरली. आन्याच्या कॉलनीच्या जागी पूर्वी ऊनाआजींच्या वडिलांचं शेत होतं. ते विकलं तेव्हा आजी जेमतेम सहा वर्षांच्या होत्या. म्हातारपणी त्या याच कॉलनीत घर घेऊन राहिल्या आणि आता मुलाकडे अ‍ॅरिझोनाला कायमच्या निघाल्या होत्या, येत्या रविवारी.

मुलं त्यांच्याकडे गेली तेव्हा घरभर खोकी पसरली होती.

"खळगाच होता ना, आजी?" आन्याने विचारलं.

आजी खोक्यावर टेकल्या. "मला तरी तसंच आठवतं. पण विहिरीचा बोर्ड टेकडीवर आहे, सगळे टेकडीच म्हणतात. मुलगा म्हणतो, आई, वय झालं तुझं. खरंच, मीच विसरत असेन."

आन्याला फार वाईट वाटलं. इतका वेळ गंमत म्हणून चाललेलं काम एकदम गंमत राहिलं नाही.

तिघं थेट मोरेश्वरकाकांकडे गेली. काका म्हणजे कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. टेकडीवरची ती लाल छपराची सिमेंटची विहीर आणि 'ऐतिहासिक आयरिश विहीर' हा बोर्ड, दोन्ही त्यांचीच करामत.

"अगं, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये विहीर तिथेच काढली होती," काका म्हणाले. "फोटो किती छान येतात! आता जा बरं. उद्या सकाळी मागच्या कोपऱ्यात पिकलबॉल कोर्टचं खोदकाम सुरू होतंय, मला सतरा कामं आहेत."

"कुणी ब्रोशर बघून विहीर शोधतं का, यार," बाहेर आल्यावर देवांग पुटपुटला.

मग खळग्याचा शोध सुरू झाला. पण बिल्डरने सगळी जमीन पोळीसारखी लाटून ठेवलेली. दुपारभर उन्हात भटकून तिघं वैतागली. अनयने रागाने चेंडू लाथाडला, तो गेला थेट मागच्या कोपऱ्यात, जिथे माळी वर्षानुवर्षं कापलेलं गवत टाकायचा. अनय चेंडू आणायला धावला आणि कमरेपर्यंत गायब झाला.

"ताई, खाली काहीच नाहीये! मी बुडतोय!"

देवांगने त्याला ओढून काढला. आन्या मात्र त्या गवताकडे बघत राहिली. वरून सपाट, आणि आत इतकं खोल? शेजारी एक जुनाट काटेरी झाडही होतं. तिघांनी घरून दाताळी आणली आणि कुजकं गवत उपसायला घेतलं. वास असा, की विचारू नका! संध्याकाळपर्यंत एक छान खळगा मोकळा झाला. मधोमध एक सपाट दगड आणि त्याभोवती पांढऱ्या गोट्यांचं कडं. गोट्यांच्या बाहेरून जमीन गोल झिजलेली होती.

"अरे, ही तर प्रदक्षिणेची वाट!" आन्या म्हणाली. उजवा हात दगडाकडे ठेवून ती चालू लागली. देवळात चालते तशीच. पाऊल आपोआप त्या वाटेत बसत गेलं.

तिने लगेच काकांना फोन केला. "उद्या बघू, बेटा," म्हणून काकांनी तो ठेवूनही दिला.

"उद्या तर खोदणार आहेत," देवांग म्हणाला. "आपलं कोण ऐकतंय?"

आन्या विचारात पडली. मग हसली. "आपलं नाही ऐकणार. पण काकांना ओळखतोस ना तू? चल, आधी आजींना विचारू."

ऊनाआजींनी बेत ऐकला आणि त्यांचे डोळे चमकले. "माझी आई त्या झाडाला चिंधी बांधायची. तुम्ही तुमच्या रीतीने मान दिलात, तर तिला आवडेलच."

सकाळी काका एका हातात कॉफी घेऊन आले. मागे खोदाईचं पिवळं मशीन घरघरत होतं. काका तोऱ्यात खळग्यात उतरले आणि थबकले. दगडावर हळदकुंकू होतं, आन्याच्या आईच्या बागेतली झेनियाची फुलं होती, उदबत्तीचा धूर निघत होता.

काकांनी कॉफी बाजूला ठेवली, बूट काढले आणि हात जोडले. सगळं अगदी आपसूक.

"काका," आन्या गोड आवाजात म्हणाली, "आता मशीन चालवायचं?"

काकांनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं, मग मशीनकडे. जिथे आपणच बूट काढले, तिथे खोदायचं कोणत्या तोंडाने? पचका झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि ते खो खो हसत सुटले. हसता हसता एकदम गप्प झाले, कारण मोजे ओले झाले होते.

"पाणी!" अनय ओरडला. दगडाच्या कडेने स्वच्छ पाण्याची धार झिरपत होती.

मशीन आल्या वाटेने परत गेलं. "शाबास रे पोरांनो," काका म्हणाले. "माझाच बोर्ड माझ्या तोंडावर पडला. तो इथे आणू, आणि कोर्ट बांधू टेकडीपलीकडे."

तेवढ्यात देवांग ऊनाआजींना हाताला धरून घेऊन आला. त्यांनी काटेरी झाड पाहिलं, गोटे पाहिले. मग आन्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या पाणी उजवीकडे ठेवत हळूहळू फिरू लागल्या. मागून मुलं, आणि ओल्या मोज्यांनी काका.

फेरी झाल्यावर आन्याने फोन पुढे धरला. "आजी, नाव सांगा ना. इथे उभं राहून."

"लग-अन-टबिर," आजी म्हणाल्या. आवाज जराही कापला नाही. मग त्या वाकल्या, ओंजळभर पाणी घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या.