दुसऱ्या घरातली प्रत

माझी फोटोंची हार्ड डिस्क गेली, हे मला कॉम्प्युटरच्या दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने ती कानाशी नेली, हलवली आणि तोंड वाकडं केलं.

"टकटक करतेय. संपली."

"बघू जरा," मागून कुणीतरी म्हणालं. रांगेतल्या उंच माणसाने खिशातून स्टेथोस्कोप काढला, माझ्या डिस्कवर टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"जनावरांचा." त्याने कानातल्या नळ्या काढल्या. "गेली. फार त्रास झाला नसावा."

मी रडायच्या बेतात होते, आणि हसूच फुटलं. माझा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. दिवसभर लोकांना 'हसू नका' म्हणून दटावणारी मी भर दुकानात फिदीफिदी हसत होते.

"दुसरी प्रत असेल ना?"

"आहे. घरी, फ्रिजवर."

आपले फोटो कुठल्याशा कंपनीच्या भरवशावर टाकणं मला पटत नाही. म्हणून आमच्या फ्रिजवर एक छोटा कॉम्प्युटर अष्टौप्रहर घुरघुरत असतो. आई त्याला घरजावई म्हणते. वीज खातो आणि जागचा हलत नाही.

"आणि तिसरी? दुसऱ्याच्या घरी?"

तिसरी नव्हती, खरं तर हवी. नियमच आहे तसा. एक प्रत दुसऱ्या घरात हवी, म्हणजे आपल्या घराला आग लागली तरी ती वाचते.

"माझंही तेच अडलंय," तो म्हणाला. "डिस्क आहे, पण... दुसरं घर नाही."

अशी आमची अदलाबदल ठरली. माझी नवी डिस्क त्याच्या घरी, त्याची माझ्याकडे. दर रविवारी तो माझी घेऊन यायचा, दोन्हींत आठवड्याचं नवं भरायचं आणि तो माझी परत घेऊन जायचा. काम दहा मिनिटांचं, पण दोन तास पुरायचं.

"एवढा वेळ लागतो?" आईने एकदा विचारलं.

"फाइली मोठ्या आहेत, काकू," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

माझ्या डिस्कला त्याने केसपेपर केला होता. रुग्ण: काळी डिस्क. वजन: दोनशे ग्रॅम. तक्रार: नाही. पुढची भेट: रविवार. त्या अक्षराची मी शनिवारपासून वाट बघायला लागले. अगदी खरं सांगते, शनिवारपासून.

"तुमचं सगळं आयुष्य माझ्या कपाटात आहे," तो एकदा म्हणाला, "आणि मला त्यातलं एक अक्षरही दिसत नाही."

"पासवर्ड आहे त्याला."

"पासवर्ड नको. तुम्हीच सांगा ना... हळूहळू."

मग मी सांगत गेले. तोही सांगत गेला. त्याच्या डिस्कवर म्हणे नऊ हजार फोटो होते आणि त्यातले आठ हजार गाईंचे.

आणि मग एका रविवारी केसपेपरवर 'पुढची भेट' पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हे राहिलं वाटतं," मी म्हणाले.

"राहिलं नाही. आता असं... चालायचं नाही." त्याने माझी डिस्क टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. "नियमात बसणार नाही."

कुणीतरी भेटली असणार. आठ हजार गाई असलेल्या माणसालाही कुणी ना कुणी भेटतंच.

"कुठला नियम मोडला मी?"

"तुम्ही नाही. मी मोडायच्या बेतात आहे." कान लाल... मानही लाल. "समजा, आपण दोघं एकाच घरात राहायला लागलो. तर दोन्ही डिस्का एकाच छपराखाली. आग लागली तर सगळंच गेलं."

"कोण राहतंय एका घरात?"

"तेच विचारायला आलोय."

मला उठून नाचावंसं वाटलं. पण धंद्याची सवय, चेहरा सरळ ठेवला.

"मी यायला तयार आहे," मी म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. आधी दुसरं घर शोधा."

त्याचा चेहरा फुलला आणि लगेच चिंतातुर झाला. तो खरोखरच विचार करू लागला, कंपाउंडरचं घर, मावशीचं घर... तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"शोधायचंय काय त्यात? माहेर कशाला असतं मग?" ती म्हणाली. "तुमच्या त्या डब्या इथे ठेवा. आणि दर रविवारी दोघांनी मिळून यायचं, काय भरायचं ते भरायला."

तिचा आवाज जरा ओला झाला होता. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.