तेजस्वीच्या जागी प्रखर

उल्हासनगरच्या आमच्या प्रिंटिंगच्या दुकानात विनीत आला तो चुकून. त्याला शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं होतं. मी साड्यांच्या सेलचा बॅनर करत होते. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, माझं पोस्टर तुम्हीच करा.

बदलापूरच्या त्याच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. विषय – फुटणारे तारे. रोज संध्याकाळी तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि मला समजावायचा. तारे एकाच जातीचे असले, तरी कुठल्या दीर्घिकेत, म्हणजे गॅलक्सीत, फुटतात त्याने फरक पडतो. जिथे अजून नवे तारे जन्मतायत, तिथला स्फोट बहुधा जास्त तेजस्वी, सावकाश विझणारा. म्हाताऱ्या, शांत दीर्घिकेतला फिका... लवकर मालवणारा. सांगताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि माझा माउस भलतीकडेच जायचा.

पण दर दोन वाक्यांनी तेजस्वी यायची. तेजस्वी म्हात्रे, त्याची प्रोजेक्टमधली जोडीदार. आलेख तेजस्वीने काढलेत. तेजस्वीला निळा रंगच हवाय. ऐकून ऐकून मला तो शब्दच नकोसा झाला.

आणि पोस्टरवर तो शब्द अकरा वेळा होता. शेवटच्या दिवशी मी एका क्लिकमध्ये सगळीकडे 'तेजस्वी'च्या जागी 'प्रखर' टाकलं. खाली नावातही बदललं – विनीत शेलार, प्रखर म्हात्रे. मला दिसलं. तरी मी तसंच छापून, गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

रात्री फाइलमध्ये तिचं नाव परत घातलं. सकाळी नवं पोस्टर छापून बदलापूर गाठलं. हॉलमध्ये एक बारीकशी मुलगी त्या चुकीच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवत होती. डोळे लाल. विनीत बाजूला डिंक धरून उभा.

"चूक नव्हती ती," मी तिला म्हटलं. "मला दिसलं होतं. मी राहू दिलं. माफ कर."

तिने नवं पोस्टर घेतलं, नाव वाचलं, आणि जुन्याच्या जागी लावायला घेतलं.

मी गेटपर्यंत पोचले तोवर विनीत मागून आला.

"सारखं तिचं नाव ऐकून केलंत ना हे? मी ते घ्यायचो, कारण प्रोजेक्ट सोडून तुमच्याशी काय बोलावं तेच मला सुचत नव्हतं." तो थांबला. "तिची माफी मागितलीत. माझी?"

"तुमची नाही मागणार," मी म्हटलं. "तुम्ही मला आवडता... म्हणून झालं हे सगळं."

त्याचे कान लाल झाले. तो चपलेने माती उकरत राहिला.

"आत चल," मग म्हणाला. "पोस्टर कुणी केलं, लोक विचारतील. तेव्हा मला तुझ्याकडे बोट दाखवायचंय."