वळणावरचा तुकडा

ती जिना उतरत होती, तो चढत होता आणि पहिल्याच पायरीला तो अडखळला. हातातली लोखंडी पट्टी खणखणत फरशीवर पडली.

"हे ड्रॉइंग कुणाचं?" त्यानं पाय चोळत विचारलं.

"माझं." नाकारायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

फरशी बसल्यावर खालची पायरी चार सेंटिमीटरनं बुटकी होणार, हे ती मॉडेलमध्ये धरायलाच विसरली होती. आर्किटेक्टच्या ऑफिसात तिला सगळे 'जिनेवाली' म्हणत. भिंती-खिडक्या कुणीही काढी. गोल फिरणारा जिना आला की तो तिच्याच गळ्यात. सहा वर्षं पायऱ्या काढून ती पार मेटाकुटीला आली होती. त्यात हा वाचनालयाचा जिना! सॉफ्टवेअरमध्ये कठडा लावला की तो पायऱ्यांमागून शहाण्यासारखा जाई आणि मधल्या वळणावर हटकून तुटे.

तो कठडेवाला. वडिलांच्या वर्कशॉपात लहानाचा मोठा झालेला. बसवलेल्या कठड्यावर हात ठेवून, डोळे मिटून तो जिना उतरायचा. कुठंही हात उचलावा लागला, तर कठडा खोटा, असं वडील सांगत.

कठड्याचा वळणावरचा तुकडा तेवढा बसवायचा राहिला होता. त्या तुकड्याच्या ड्रॉइंगसाठी तो रोज येऊ लागला. ती रोज सॉफ्टवेअरवर खापर फोडी. मग दोघं तिसऱ्या पायरीवर बसत. तिला बोलायचाही कंटाळा असे. पण त्याच्या शेजारी गप्प बसायचा मात्र कधी आला नाही.

"तुमच्या डोळ्यांखाली दोन पायऱ्या पडल्यात," एकदा तो म्हणाला.

"मोजल्यात वाटतं?"

"फरशीसकट."

कितीतरी दिवसांनी ती हसली. पण त्या हसण्यानंच तिला धास्ती घातली. वाचनालय सोमवारी उघडणार होतं. तुकडा बसला की हा माणूस दुसऱ्या कुणाच्या जिन्यावर जाणार आणि आपल्यापुढं पुन्हा नुसत्या पायऱ्या.

शनिवारी दुपारी तिनं घडी घातलेला ड्रॉइंगचा कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं तो उघडला, कोपऱ्यातली तारीख पाहिली. तीन आठवड्यांपूर्वीची होती.

"सॉफ्टवेअर ऐकत नव्हतं ना?"

"ऐकलं होतं... पहिल्याच आठवड्यात. मीच दिला नाही."

तो खाली गाडीपाशी गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. वळणाचा तुकडा. घासूनपुसून तयार. जागेवर तार वाकवून त्यानं माप घेतलं होतं, पहिल्याच दिवशी.

"मग रोज ड्रॉइंग कशाला मागत होता?"

"बसवला असता तर काम संपलं असतं," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. दमलेल्या, चिडलेल्या... कशाही."

तिचे डोळे भरून आले. शिणानं की सुखानं, तिचं तिलाही कळेना.

"बसवून टाका," ती म्हणाली. "काम संपू दे. तुम्ही मात्र येत जा."

"आधी तपासून बघा. कुठं तुटतंय ते कळायला हवं."

ती वर गेली. कठड्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि उतरू लागली. लोखंड गार, गुळगुळीत होतं. वळण आलं, लोखंड संपलं... आणि तिथं त्याचा तळहात होता. तिला हात उचलावा लागला नाही.