कापडाची पालवी

तालीमघराचं दार ढकललं आणि हातातला चहा माझ्याच ओढणीवर सांडला.

माझा मांडव... कालच लावलेला हिरवागार द्राक्षाचा मांडव... गायब! स्टेजवर मातीच्या ड्रमांमधून नुसत्या काड्या वर आलेल्या. खाली पानांचा हा ढीग, आणि त्या ढिगात उभा राहून एक अनोळखी मुलगा अगदी शांतपणे कात्री चालवत होता.

"अहो! थांबा! काय केलंत हे? कोण तुम्ही?"

त्यानं वळून पाहिलं. केसांत एक पान अडकलेलं.

"हर्षल. कृषीचा. छाटणी केली."

"माझा सेट कापलात तुम्ही!"

"वेल कापलेत," तो म्हणाला. "सेट तुमचा. वेल आमच्या डिपार्टमेंटचे."

मी खाली वाकून ढिगातली पानंच गोळा करायला लागले.

मी यशश्री. इथंच नाशिकला एम.ए.ला नेपथ्य शिकते, म्हणजे नाटकाचा सेट, उजेड, रंग, जे जे डोळ्यांना दिसतं ते सगळं उभं करणं. ह्या वर्षी आमच्या इंदिरा मॅडमनी एक नवीनच प्रयोग काढला होता. शेवटच्या सेटला प्रत्येकानं दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला जोडीदार घ्यायचा, आणि परीक्षेलाही दोघांनी मिळून उभं राहायचं. माझ्या वर्गातल्या रोहितच्या वाट्याला भौतिकशास्त्र आलं. माझं नाटक द्राक्षाच्या मांडवाखाली नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं, म्हणून मला कृषी. पण कृषी असं कात्री घेऊन येईल, हे कुठं माहीत होतं!

"प्रयोग तीन आठवड्यांवर आलाय," मी कशीबशी म्हणाले.

"म्हणूनच छाटले. ह्या दिव्यांखाली जुनी पानं करपून गळली असती. आता प्रयोगापर्यंत नवी फूट येईल... पोपटी. शेवटच्या प्रवेशात तिच्यावर उजेड टाका. बघा मग."

"नक्की?"

"अंदाज आहे. नक्की वेलालाच माहीत."

असं कोणी बोलतं का? धीर द्यायचा सोडून!

पण मग रोजचंच झालं. सकाळी आम्ही दोघं ड्रम ढकलत उन्हात न्यायचो, तालमीआधी परत आत आणायचो. काडीवरच्या बारीक फुगवट्यांना 'डोळे' म्हणतात, हे त्यानंच दाखवलं.

"आता रोज डोळ्यांत बघत बसायचं," तो म्हणाला.

"कोणाच्या?"

तो कानापर्यंत लाल झाला... आणि ड्रम माझ्या पायावरून जाता जाता राहिला.

मी त्याला उजेड शिकवला. स्टेजवर उभं करून कधी निळा झोत टाकायचे, कधी पिवळा. तो डोळे मिचकावत विचारायचा, "एवढ्यानं संध्याकाळ होते? लय भारी!" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. बाईकवरून मला घरी, इंदिरानगरला सोडताना तो खड्डे चुकवायचा आणि मी उगाचच त्याचा खांदा धरायचे. एकदा मुद्दाम नवा ड्रेस घालून गेले.

"कसा दिसतोय?"

"कालचा जास्त चांगला होता."

रागवायचं की हसायचं... शेवटी हसले. खोटं बोलणं ह्याला येतच नव्हतं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. अजूनही एकही डोळा फुटला नव्हता. सगळ्या काड्या कोरड्या ठाक.

हर्षल खाली बसून एकेक काडी बोटानं चाचपत होता. "चुकलं माझं. सकाळचं तेवढं ऊन कमी पडलं. शेतात असते तर..."

"आता काय करू मी?"

मग मीच उठले. कपाटातून पोपटी रेशमाचे तुकडे काढले, पानं कापली आणि काड्यांना बांधत सुटले. तोही दोरा ओवून देत राहिला. पडदा उघडायच्या आत सगळा मांडव पालवला होता.

शेवटच्या प्रवेशात उजेड पडला आणि प्रेक्षागृहातून "अहाहा!" असा आवाज आला. मी विंगेत हर्षलचा हात घट्ट धरला. त्यानंही सोडवला नाही.

प्रयोगानंतर बाहेरचे परीक्षक शामसुंदर सर स्टेजसमोर आले, चष्मा पुसत.

"जिवंत पालवी! रंगमंचावर! नेपथ्य आणि शेतीची काय सांगड घातलीत! पोरांनो, ही खरीच आहे ना?"

मी नुसती हसले. तेवढ्यात शेजारून आवाज आला,

"नाही सर. कापडाची आहे. वेल फुटलेच नाहीत. माझा अंदाज चुकला."

मी थिजले. सरांचा चेहरा उतरला. "अच्छा," एवढंच म्हणून ते हातातल्या कागदावर काहीतरी खोडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हर्षल काकांचा पिकअप घेऊन ड्रम न्यायला आला; ते वेल डिपार्टमेंटनं त्यालाच दिले होते, दिंडोरीला घरच्या मळ्यात लावायला. हॉल रिकामा करायचाच होता, म्हणून मीही होते. आम्ही अबोल्यातच ड्रम चढवत होतो. शेवटी मलाच राहवेना.

"का बोललास तू? नाटकात सगळं खोटंच असतं, हर्षल!"

"नाटकात असू दे की. पण नाटक संपलं होतं गं. ते खरं विचारत होते."

"माझे मार्क गेले!"

"माहितीये. रात्रभर झोपलो नाही." त्याचा आवाज बारीक झाला. "पण आपला वेलांचा प्रयोग फसला, हेही काहीतरी शिकणंच झालं ना? का फसला ते अहवालात लिहू आपण. आणि तुझी पानं... ती तर खरंच सुंदर होती. ते सांगायच्या आत सर निघून गेले."

ह्यावर भांडायचं तरी कसं?

"हरिश्चंद्रा," मी चिडवलं, "जन्मात कधी खोटं बोललायस?"

तो ड्रम धरून तसाच उभा राहिला.

"एकदा."

"काय?"

"तुमच्या मॅडम आमच्या वर्गात आल्या होत्या. नाटकाची आवड कोणाला आहे विचारलं. मी हात वर केला..." तो जमिनीकडे बघत होता. "मी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं, यशश्री."

"मग?"

"आदल्या दिवशी कॅन्टीनसमोर तू थर्माकोलचा खांब डोक्यावर घेऊन चालली होतीस. वाऱ्यानं तू एकीकडे, खांब एकीकडे... आणि तू त्या खांबालाच रागवत होतीस. मला वाटलं, हिच्याबरोबर काम मिळायला पाहिजे."

म्हणजे ते पानांच्या ढिगातलं भेटणं... ते योगायोगाचं नव्हतंच... काल मार्क गेले तेव्हासुद्धा इतका धक्का बसला नव्हता!

"काहीतरी बोल ना," तो म्हणाला.

मी सरळ जाऊन पिकअपच्या पुढच्या सीटवर बसले.

"अगं, कुठं?"

"दिंडोरीला. ड्रम उतरवायला माणूस नको तुला?"

तो धावत आला, गाडी सुरू केली... आणि दोनदा बंद पाडली.

"घरी आई असेल," तो हळूच म्हणाला.

"असू देत. कोण आलीय म्हणून विचारलं, तर काय सांगशील?"

"खरं काय ते."

"अरे थांब! गाडी थांबव," मी ओरडले, "आधी मला वेणी तरी नीट घालू दे!"