लाल तळ्यावरची ताटी

"हळू गं! आप्पांनी बगितलं तर सालटी काढतील," रवळू कुजबुजला.

कल्याणीनं खांद्यावरची ताटी आणखी वर उचलली. ताटी म्हणजे गोठ्याचं जुनं बांबूचं दार. तिघांनी ते उजाडायच्या आधीच पळवलं होतं. तिघं कोण? बेळगावच्या खडेबाजारातून सुट्टीला आलेली कल्याणी, तिचा मामेभाऊ रवळू आणि त्याची धाकटी बहीण बेबी. आणि कशासाठी? तर तळ्यासाठी.

बेळगुंदीपलीकडच्या त्यांच्या वाडीचं हे तळं सकाळी हिरवंगार असायचं. म्हातारी माणसं म्हणत, देवीच्या लुगड्याचा रंग उतरलाय. देवी भर दुपारी न्हायला येते, म्हणून त्या वेळी तिकडं फिरकायचं नाही, असा गावचा नेम. तो मोडला एकट्या गुणाबाईनं. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईला म्हैस डुंबवायला दुपारचीच काय ती सवड. एका गुराख्यानं लांबून पाहिलं, तर ती काठावर आणि पाणी लाल. झालं, देवी कोपली! गावचे पाटील मारुतीराव म्हणजे कल्याणीचे मामा, रवळू-बेबीचे आप्पाच. शुक्रवारी देवळात पंच बसवायचे आणि गुणाबाईला तळं बंद करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुसरं पाणी दोन कोसांवर. म्हणजे म्हैस विकावी लागणार, आणि त्या म्हशीवाचून गुणाबाईला घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

कल्याणीला हे मुळीच पटलं नाही. दोन दुपारी ती करवंदीच्या जाळीत दडून बसली. गुणाबाई घराबाहेरही पडली नव्हती, तरी ऊन तापलं की पाणी लाल होई आणि संध्याकाळी परत हिरवं. काठच्या जांभळीच्या सावलीत मात्र ते हिरवंच राही.

"झाडात देवी हाय, म्हणून," रवळू म्हणाला.

"मग आपण दुसरी सावली करू. गोठ्याच्या ताटीत तर देवी नाही ना?"

म्हणून ही चोरी. शुक्रवारी सूर्य उगवायच्या आत चार मेढी रोवून त्यांनी ताटी पाण्यावर बसवली.

देवळात गुणाबाई सकाळपासून मान खाली घालून बसली होती. बेबीनं आपलं काम चोख केलं. एका पंचाला पाणी, दुसऱ्याला पान, तिसऱ्याकडं त्याच्या नातवाची चौकशी, असं करत पोरीनं सूर्य डोक्यावर आणला. मग रवळूनं सगळ्यांदेखत तोंड उघडलं.

"आप्पा, गुणाक्का हितंच बसलीया. तळं आता कसं हाय ते बगायला भ्या वाटतंय व्हय?"

पाटलाला भ्या? मामांनी फेटा सावरला आणि तरातरा निघाले. मागून सारा गाव.

तळं लालभडक झालं होतं. कल्याणी गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिनं ताटी उचलली. खाली ताटीएवढाच हिरवा चौकोन!

"मामा, पाण्यात बारीक शेवाळ आहे. ते उन्हानं लाल होतं, सावलीत हिरवं राहतं. देवीनं गुणाक्काला कधी हाकललं नाही. आपणच हाकलतोय."

मामांनी वाकून त्या चौकोनातलं हिरवं पाणी ओंजळीत घेऊन निरखलं. मग गुणाबाईकडं वळले. "गुणा, माजं चुकलं. जा, आन तुजी म्हस."

गुणाबाईनं आता मान वर केली. "म्हस येईल, पाटील. पन दावं तुमी धरायचं. आदी तुमी उतरायचं."

पंच एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. मामांनी मात्र मुकाट्यानं धोतर खोचलं आणि बेबीनं धावत जाऊन आणलेल्या म्हशीचं दावं धरून, भर दुपारी, मांडीभर लाल पाण्यात उतरले. म्हैस अशी काही धबाक्कन बसली की त्यांचा फेटासुद्धा भिजला. सारा गाव हसला, आणि मामाही.

"पोरांनी आज पाटलाला शानं केलं," ते पाण्यातूनच म्हणाले. पंचांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. गुणाबाईनं कल्याणीला जवळ ओढलं. ती नुसती आपल्या म्हशीकडं बघत हसत राहिली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.