लामाराची जागा

ईस्टरच्या सोमवारी सकाळी लामाराने एव्डोक्सिया आजींचे केस विंचरले, त्यांना बाल्कनीत उन्हाला बसवलं आणि गॅसवरचं पातेलं उतरवलं. पातेल्यात मंजिष्ठेची मुळं आणि चार अंडी होती. इथे ग्रीसमध्ये, थेसालोनिकीत, लाल रंगाची पुडी कुठल्याही दुकानात मिळते, पण तिच्या गावी, जॉर्जियात, अंडी मुळांनीच रंगवतात. लामारा या बाबतीत हट्टी होती.

"नऊ वर्षं झाली, अजून झाडाची मुळं उकळतेय," आजी म्हणाल्या. "सणासुदीला घरभर काढ्याचा वास."

"यंदा शेवटचंच. पुढच्या वर्षी पुडीवाली बाई ठेवा."

"ठेवीन की. जरा हसरी बघून ठेवीन."

लामारा हसली. आजींना सांभाळायची नोकरी सोडून ती खरंच घरी निघाली होती. प्रवासासाठी लागणारे, नऊ वर्षं अडलेले कागद मार्चमध्ये हातात पडले होते आणि मेच्या बाराव्या तारखेच्या बसमध्ये तिची जागा ठरली होती. झुराबला, नवऱ्याला, तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा तो रडला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि झुराब काही रडणारा माणूस नव्हता. त्या रडण्यावर लामाराने पुढचे कितीतरी दिवस काढले होते.

सोमवारी गावात सगळे कबरस्तानात जातात, लाल अंडं थडग्यावर गडगडवतात, वाइन ओततात, तिथेच बसून जेवतात. इथे लामाराचं स्वतःचं असं एकही थडगं नव्हतं. म्हणून ती आईवडिलांच्या नावाने बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत अंडं फिरवायची आणि ग्लासभर वाइन घालायची. मागच्या ईस्टरला हे करताना तिच्या छातीवर अचानक गार ओल आली होती. ती एकेकाळची भूमितीची शिक्षिका. ग्लास कलंडला असेल, असं म्हणून तिने तो विषय संपवला होता.

यंदा झुराब फोन उचलेना. कबरस्तानात असेल. दर रविवारी तोच फोन करायचा. गावात आता कोणाकडेच धड फोन लागत नाही, दुसऱ्या कोणाला करूही नकोस, असं त्याचं म्हणणं होतं. पण शनिवारी चर्चमध्ये शेजारच्या गावची एक बाई भेटली आणि तिच्याकडे मक्वालाचा नंबर निघाला. मक्वाला म्हणजे लामाराची शाळेपासूनची मैत्रीण. तिने आता तो लावला.

"ख्रिस्त उठला, मक्वाला."

"खरोखर उठला. कोण बोलतंय?" मागे माणसांचा गलका होता, ग्लास वाजत होते.

"लामारा. आवाजही विसरलीस का?"

"चेष्टा करायची तर दिवस तरी बघावा, बाई. मी तिच्याच थडग्यापाशी बसलेय."

लामाराला हसू आलं. "सातवीत भूमितीच्या पेपरला तुझ्या बुटात उत्तरं कोणी कोंबली होती, सांगू?"

मागचा गलका दूर गेला. मक्वाला चार पावलं बाजूला सरकली असावी. "ती परत आली तेव्हा तिनेही हेच सांगून हसवलं होतं मला," ती हळू म्हणाली.

"कोण परत आली?"

"लामारा. दोन वर्षांपूर्वी, ईस्टरला, ग्रीसच्या बसने. त्याच ऑक्टोबरात गेली बिचारी. मी माझ्या हातांनी तिला आंघोळ घातली. तू कोण आहेस?"

पलीकडे कोणीतरी म्हणालं, "ओता आता."

लामाराच्या छातीवर गार ओल पसरली. तिने बोट लावून पाहिलं. काळपट लाल होतं, आणि वास गावच्या द्राक्षांचा होता. तिच्या ग्लासाला तिने अजून हात लावला नव्हता.

"दुपारच्या आत प्यायलीस?" आजींनी नाक वर केलं. "आणि मातीचा कसला वास येतोय तुला?"

मक्वालाच्या हातून कोणीतरी फोन घेतल्याची खरखर झाली. मग झुराबचा आवाज आला.

"दुसऱ्या कोणाला फोन करू नकोस म्हणून सांगितलं होतं ना."

"झुराब, तिथे कोणाला पुरलंय?"

"तूच म्हणाली होतीस त्या वर्षी, ईस्टरला येते म्हणून. तुझं जमलं नाही. ती आली."

"आणि ती मीच आहे असं तुला वाटलं?"

त्याने खोटं बोलायला हवं होतं. हो म्हणाला असता तर लामाराने त्याला माफ केलं असतं.

"पहिल्या रात्रीच कळलं," झुराब म्हणाला. "चुका काढत नव्हती ती. मी बोललो की ऐकत बसायची."

"मग घराबाहेर का नाही काढलीस?"

"कशाला?"

एवढंच. तिला पुरल्यावरही तो दर रविवारी लामाराशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. लामाराचा जीव तळतळला.

"मार्चमध्ये तू रडलास," ती म्हणाली.

"तू येते म्हणालीस की ती येते. गाव सोडून कुटाइसीत खोली घेतलीय मी. तिथे तिला कोणी ओळखत नाही." आणि अगदी मऊ आवाजात, "पडदेपण लावलेत."

लामाराने फोन कापला.

"कोण गेलं?" आजींनी विचारलं.

"कोणी नाही. मी उद्या निघते, आजी. तुमच्या सुनेला बोलावून घ्या."

मेपर्यंत थांबायचं नव्हतं. ते घर तिचं होतं, त्या घरातली जागा तिची होती, आणि दारात उभं राहून ती हे झुराबच्या तोंडावर सांगणार होती. तिने बसवाल्या वाखोला फोन लावला.

"लामारा कोबाखिद्झे बोलतेय. बारा मेची माझी जागा उद्याच्या बसला करून द्या."

इंजिनचा आवाज येत होता. वाखो हसला.

"काय काकू, सणाची जरा जास्तच झाली वाटतं. पहाटेच नाही का आजच्या बसला बदलून दिली?"

"मी घरी आहे, वाखो."

"बरं, बरं. मागच्या सीटवरून फोन कशाला करायचा, हाक मारायची. सरहद्द झाली. तुमच्या पासपोर्टवर शिक्का बसलाय, घेऊन जा."

लामाराने कपाटाचा खण ओढला. खणात पासपोर्ट नव्हता. नऊ वर्षांचे कागदही नव्हते.

"वाखो, त्या बाईला देऊ नका."

तो ऐकत नव्हता. त्याने फोन बाजूला धरला असावा. बसमधून कोणीतरी पुढे येत होतं, एकेक पाऊल, मुळीच घाई न करता.

"सावकाश, काकू," वाखो म्हणाला. "धरून या."